खिडकीआतली खिडकी

लंडनमधल्या जॉर्जियन घराच्या खिडकीला वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपा असतात. बाजूच्या पोकळ चौकटीत दोरीला टांगलेली वजने त्यांना तोलून धरतात. काच पातळ, किंचित लहरी. रस्त्यावरून बस गेली की झडप खडखडते. रोगाचे निदान त्या खडखडाटातच आहे: झडप सरकायची तर ती सैल हवी, आणि सैल आहे तिथूनच आवाज आत शिरतो.

1 मीटर रुंद आणि दीड मीटर उंच खिडकी घेऊ. कडांची लांबी 5 मीटर. कडेने सगळीकडे 3 मिलिमीटर फट असेल, तर तिचे क्षेत्रफळ 150 चौरस सेंटिमीटर, म्हणजे खिडकीच्या बरोबर 1 टक्का भरते. एवढ्या फटीमुळे काच कितीही भारी बसवली तरी खिडकी 20 डेसिबलच्या आसपासच अडकते. म्हणून पहिला खर्च काचेवर नको, सुताराकडून फटी बुजवण्यावर हवा. उदबत्ती पेटवून चौकटीलगत फिरवली की धूर जिथे थरथरतो ती जागा सापडते.

त्यानंतर काच. इंग्लंडमध्ये संरक्षित यादीतल्या इमारतीच्या मूळ झडपा परवानगीवाचून बदलता येत नाहीत, त्यामुळे आतून दुसरी खिडकी बसवणे हा नाइलाजाचा उपाय समजला जातो. आवाजापुरते बोलायचे तर ही समजूत उलटी आहे.

एकेरी काच आवाज अडवते ती वजनाने. वजन दुप्पट केले तर सिद्धांताप्रमाणे 6 डेसिबल पदरात पडतात. पण काच धरणाऱ्या जुन्या नाजूक लाकडी पट्ट्यांवर किती भार घालणार? दोन काचा घेतल्या की मधली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि एका ठरावीक कंपनसंख्येला दोन्ही काचा त्या स्प्रिंगवर एकत्र डोलून आवाज जवळपास सुखरूप आत पोचवतात. फायदा सुरू होतो तो त्या संख्येच्या बराच वर. बाजारातल्या दुहेरी काचेत 4 मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये 12 मिलिमीटर हवा असली, तर ही संख्या 245 हर्ट्झच्या घरात येते. डिझेल इंजिनाची घरघर बरीचशी तिच्या आसपास आणि खालीच असते. याउलट जुनी 3 मिलिमीटरची काच, आत 6 मिलिमीटरची आणि मध्ये 100 मिलिमीटर अंतर असे केले, तर तीच संख्या 85 हर्ट्झवर उतरते. काचेचे एकूण वजन फारसे वाढत नाही. अंतर मात्र आठपटीहून अधिक होते. काचांची जाडी वेगळी असण्याचाही फायदा आहे, कारण प्रत्येक जाडीची काच ज्या उंच स्वराला कमजोर पडते तो स्वर वेगळा असतो. दोन काचांमधल्या जागेच्या कडांना आवाज शोषणारे अस्तर लावले तर आणखी बरे.

हे अंतर जुनी भिंतच देते. आग पसरू नये म्हणून 1709 च्या कायद्याने लंडनमध्ये चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठापासून 4 इंच आत घ्यायला लावली. तरी साडेतेरा इंचांच्या, दीड विटेच्या भिंतीत आतल्या अंगाला 100 मिलिमीटर बहुधा निघतात. भांडण होते ते खिडकीच्या आतल्या बाजूच्या लाकडी घडीच्या दारांशी, कारण तीही त्याच जागेत मिटतात. दारे चालू ठेवायची तर नवी झडप मूळ खिडकीला चिकटून बसवावी लागते आणि अंतर निम्म्यावर येते. मला विचाराल तर दारे राखावीत. पुढे मन बदलले तर आतली झडप स्क्रू काढून उतरवता येते, तोडलेले दार परत मिळत नाही.

राहिला ओलावा. लंडनच्या हिवाळ्यात घरातली दमट हवा थंड बाहेरच्या काचेवर दव धरते, म्हणून आतली झडप घट्ट आणि बाहेरची जरा सैल ठेवतात. मुंबईत फोर्टमधल्या वातानुकूलित कचेरीत हेच केले तर फसगत होते. पावसाळ्यात दमट हवा जुन्या सागवानी झडपांतून आत झिरपते आणि थंड पडलेल्या आतल्या काचेच्या बाहेरच्या अंगावर पाणी धरते. तिथे घट्टपणा बाहेरच्या बाजूला हवा, आणि आतली झडप पुसण्यासाठी उघडता यायला हवी. पंख्यावर चालणाऱ्या खोलीत तर हा उपाय करूच नये, कारण खिडकी बंद ठेवली की ताजी हवा येत नाही. ब्रिटनच्या 1975 च्या नियमांत नव्या रस्त्याच्या आवाजापासून घराला दुहेरी खिडकी देताना सोबत हवा खेळवणारे यंत्रही द्यावे लागते, ते त्यामुळेच.