एका प्रतीचा भरंवसा

जी वस्तु जगांत एकच आहे ती नाहींशी होण्यास एकच अपघात पुरतो. वाळवी, आग, पूर किंवा घरच्याच माणसाची बेपर्वाई, यांपैकीं कोणतेंही कारण पुरेसें होतें. म्हणून मूळ वस्तु कोठें ठेवावी यापेक्षां तिची प्रत कशी करावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. खानदेशांत या प्रश्नाचा अनुभव दोन ठिकाणीं दोन प्रकारें आला.

धुळ्यास १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा निघाली. तिचे आधारस्तंभ शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठामठांतून रामदासी वाङ्मय जमविलें आणि १९०५ सालीं डोमगांवच्या मठांतील, कल्याणस्वामींच्या हातच्या पोथीवरून दासबोध छापून प्रसिद्ध केला. या निवडींत मोठें शहाणपण होतें. प्रतीवरून प्रत होत गेली कीं लेखकाची चूकही पुढें चालत जाते. शंभर प्रतींत एकच चूक असेल तर त्या शंभरांचा आधार एकीइतकाच होय. मुळाच्या जवळची जुनी प्रत कोणी राखली असेल तरच ती चूक पकडतां येते. पुढें १९३५ सालीं पोथ्यांकरितां धुळ्यांतच समर्थ वाग्देवता मंदिर उभें राहिलें. मूळ मंदिरांत राहिलें आणि छापील ग्रंथ घरोघरीं गेला.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा मार्गही असाच होता. पानिपतच्या काळचीं पत्रें त्यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडांत छापलीं. पुढें खंडांची संख्या बावीसवर गेली. एका वाड्याच्या माळ्यावर असलेला कागद छापून निघाला कीं त्याचें आयुष्य त्या वाड्यावर अवलंबून राहत नाहीं. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले. दुसऱ्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें.

जळगांवजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची गोष्ट निराळी. त्यांना लिहितां येत नव्हतें. घरांत व शेतांत काम करतांना सुचलेल्या ओव्यांची एकमेव प्रत त्यांच्या स्मृतींत होती. पुत्र सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनीं त्यांतल्या कांहीं टिपून घेतल्या. बहिणाबाई १९५१ सालीं वारल्या आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं छापलीं गेलीं. जें टिपलें तें महाराष्ट्राचें झालें. जें टिपलें गेलें नाहीं तें त्यांच्याबरोबरच गेलें.

आज घरोघरचीं छायाचित्रें, हिशेब व दस्तऐवज घरच्या नेटवर्कला जोडलेल्या एका पेटींत सांठविले जातात. पेटींत दोन डिस्क असून एकीची नक्कल दुसरीवर तत्काळ उमटते, म्हणून पुष्कळांस निर्धास्त वाटतें. परंतु हा आरसा आहे, प्रत नव्हे. एक डिस्क बिघडली तर तो उपयोगी पडतो. पण चुकून पुसलेली फाईल आरशांतूनही त्याच क्षणीं पुसली जाते, आणि चोरी किंवा आग झाली तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. याकरितां जाणकारांचा नियम असा: एकंदर प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत घराबाहेर. एक प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती एरवीं पेटीपासून सोडवून ठेवावी, म्हणजे घातकी प्रोग्राम तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. दुसरी नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या दूरस्थ सांठ्यांत असावी. शिवाय कांहीं मागील तारखांच्या आवृत्त्या राखाव्या. डोमगांवच्या पोथीचें काम त्या करतात.

शेवटीं वाचनाचा प्रश्न उरतो. मोडी वाचणारा नसेल तर शाबूत कागदही मुकाच राहतो. त्याचप्रमाणें जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं, तिच्यावर विसंबतां येत नाहीं. वर्षांतून एकदां तरी एखादी फाईल त्या प्रतींतून परत काढून पाहावी. प्रत केल्याचें समाधान त्या दिवशीं खरें ठरतें.