शेणवा

शेणवा (शेणवे) : ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील गाव. शहापूरहून किन्हवली, डोळखांब या बाजूला जाणाऱ्या वाटेवर ते वसले आहे. आगगाडीसाठी मध्य रेल्वेचे आसनगाव स्थानक गाठावे लागते.

पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे. तिच्यातील आजोबाचा डोंगर सुमारे १,३७५ मी. उंच असून पायथ्याशी डेहणे गाव आहे. डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम होता व लव-कुश तेथेच जन्मले, अशी श्रद्धा आहे. वायव्येकडील माहुली किल्ल्यावर १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची अखेरची झुंज दिली.

परिसरात कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांची वस्ती आहे. भात हे मुख्य पीक. वरकस उतारांवर नाचणी आणि वरी. पेरणीपूर्वीच्या राबभाजणीत मोठे कसब लागते. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचतात, वर बारीक माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. त्यामुळे आग सावकाश सरकते, जमीन खोलवर भाजते व तणाचे बी जळून जाते. या राखेत पावसाच्या तोंडावर भात पेरतात आणि रोपे हाताशी आली की आवणी सुरू होते. भात निघाल्यावर मात्र शेतीचे काम संपते. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात.

तालुक्यात पाऊस धो-धो पडतो, पण काळ्या कातळावर तो मुरत नाही. धरणे मोठमोठी आहेत. तानसा १८९२ मध्ये पुरे झाले. भातसा हा मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी सर्वांत मोठा. चोंढे येथे घाटघर प्रकल्पाचे खालचे धरण आहे. विजेची मागणी कमी असताना येथील पाणी पंपाने घाटमाथ्यावर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज निर्माण करतात. याच तालुक्यातल्या पाड्यांना मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट पाहावी लागते, हा उघड अन्याय आहे. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून केवळ उताराच्या बळावर शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणण्याची योजना त्यासाठीच आखण्यात आली.