वाळूचे पांघरूण

कडाक्याच्या थंडीत पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारे आजचे भटके ग्रॅमचा हिशोब करून पिसांची जाकिटे निवडतात. वस्तू नवी, तत्त्व जुने : ऊब राखते ती पिसांत अडकलेली हवा. लाखांदूरच्या धानपट्ट्यात तणस अंगाखाली पसरून निजणारा माणूसही हिवाळ्यात त्याच हवेवर विसंबतो. पण हलक्या ओझ्याचा इतिहास लिहिताना आपण निवड आणि नाइलाज यांत भेद करतो का?

१८७४ साली दुष्काळाच्या हलाखीत आईवडील गेल्यावर रमाबाई डोंगरे आणि बंधू श्रीनिवास यांनी देशभर पायपीट केली. पायांत वहाणा नाहीत, अंगावर घोंगडे नाही. झेलमकाठच्या एका रात्री दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे उघडे ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढली. १९०७ मधील इंग्रजी आत्मनिवेदनात हा प्रसंग सांगताना पंडिता रमाबाईंनी त्या खड्ड्यांना थडग्यांची उपमा दिली आहे.

कोरड्या वाळूच्या कणांमध्येही हवा असते. म्हणून हा उपाय शास्त्राला धरूनच होता. तरीही त्याला साधेपणाचा आदर्श म्हणणे आम्हांला अप्रशस्त वाटते. आईवडिलांकडून आलेली पाठांतराची विद्या हीच या भावंडांची शिदोरी. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिचा गौरव केला. तिला वजन नव्हते, पण त्या रात्री तिची ऊबही नव्हती. विरक्तीची आपली सुभाषिते शिकवताना ही वाळू विसरू नये.