चिकटवहीचे शास्त्र : निवड, टिकाऊपणा आणि साहित्याची मांडणी

१. विषय आणि प्रश्न

छायाचित्रे, तिकिटे, पत्रिका, कात्रणे अशा सुट्या वस्तूंमधून काही निवडायच्या, कोऱ्या पानावर विचारपूर्वक मांडायच्या आणि शेजारी स्वतःच्या शब्दांत नोंद करायची, अशी वही म्हणजे चिकटवही. यात निवड, मांडणी आणि नोंद ही तिन्ही अंगे लागतात. नुसती छायाचित्रे लावली तर अल्बम होतो, नुसत्या नोंदी लिहिल्या तर रोजनिशी, आणि नुसत्या वस्तू साठवल्या तर संग्रह.

हा छंद ज्यांना लागतो त्यांच्याकडे एक गोष्ट हमखास दिसते. साहित्य वाढत जाते, पाने मात्र तेवढी वाढत नाहीत. रंगीत कार्डशीट, लेस, स्टिकर, वॉशी टेप, नक्षीचे पंच यांनी खण भरतो, आणि पान करायला बसावे तर पहिला तास शोधाशोधीत जातो. वेळ नाही, जागा नाही, ही नेहमीची कारणे. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. या छंदात तीन निरनिराळ्या स्वभावांच्या वस्तू लागतात आणि आपण त्या तिन्ही एकाच नियमाने ठेवतो. त्यांचे स्वभाव ओळखून तीन वेगळे नियम लावले, तर मांडणीचा प्रश्न सुटतो आणि छंदातला आनंदही वाढतो. हे दाखवणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२. परंपरा

जेम्स ग्रेंजर यांचा इंग्लंडमधील व्यक्तींचा चरित्रकोश १७६९ मध्ये निघाला. पुढे वाचक अशा ग्रंथांत मिळतील ती व्यक्तिचित्रे शोधून लावू लागले, आणि छापील पुस्तक स्वतःच्या हाताने वाढवण्याची एक आवडच तयार झाली. १८३७ मध्ये गोडफ्रॉय एंगेलमान यांनी फ्रान्समध्ये रंगीत शिळाछपाईचे पेटंट घेतले. त्यानंतर स्वस्त रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली आणि ती वहीत चिकटवणे हा एकोणिसाव्या शतकातला मोठा विरंगुळा ठरला. मार्क ट्वेन यांनी १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट मिळवले. पान ओले करायचे आणि कात्रण दाबायचे, एवढेच काम उरले. १९०० मध्ये कोडॅकचा एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि वहीचा मुख्य ऐवज घरातच तयार होऊ लागला. आजच्या अमेरिकी छंदाची सुरुवात बहुधा १९८० पासून मोजली जाते. त्या वर्षी सॉल्ट लेक सिटी येथे कुलवृत्तान्तांविषयी जागतिक परिषद भरली होती. युटामधील क्रिस्टेन्सन कुटुंबाने आपल्या वह्या तिथे मांडल्या आणि पुढच्याच वर्षी खास याच साहित्याचे दुकान काढले.

आपल्याकडे ही वही शाळेच्या दप्तरातून आणि स्वयंपाकघराच्या फडताळातून आली. मुलांच्या वहीत क्रिकेटपटू आणि पक्षी, आईच्या वहीत पाककृती, आजोबांच्या वहीत अग्रलेख. सजावट कमी होती, पण निवड काटेकोर होती. हा आपला वारसा पुढे उपयोगी पडणार आहे.

३. द्रव्यविचार : काय टिकते, काय टिकत नाही

वर्तमानपत्राचे कात्रण काही वर्षांत पिवळे पडते आणि घडीवर तुटते, तर पेशवाईतली पत्रे आजही उलगडून वाचता येतात. फरक कागदाच्या घटकांत आहे. जुन्नर, दौलताबादजवळचे कागदीपुरा अशा ठिकाणचा जुना हातकागद चिंध्या, ताग अशा लांब धाग्यांपासून बनत असे. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून होतो. ही पद्धत केलर यांनी १८४४ मध्ये जर्मनीत शोधली. दळलेल्या लाकडात लिग्निन हे लाकडातले मूळ द्रव्य तसेच राहते आणि उजेड-हवेने ते पिवळे पडते. शिवाय मोरित्झ इलिग यांच्या १८०७ च्या पद्धतीने कागदाला राळ आणि तुरटी लावली जाई. त्या तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते आणि आम्लामुळे धागे तुटतात.

म्हणून पानाचा कागद आम्लरहित आणि लिग्निनरहित असावा. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात सामू ७.५ ते १० आणि किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कली साठा अपेक्षित आहे. हा साठा पुढे तयार होणारे आम्ल शोषून घेतो. असा कागद न मिळाल्यास सुती चिंध्यांपासून केलेला चांगला हातकागद घ्यावा. पुण्याच्या हातकागद संस्थेमुळे मराठी वाचकांना तो परका नाही.

चिकटवण्याच्या द्रव्याची कसोटी अशी : चूक झाली तर ते सुटेल का? पांढरा फेविकॉल सुकल्यावर सुटत नाही, आणि त्यातल्या पाण्याने पातळ कागद सुरकुततो. पुठ्ठा, लाकडी मणी, कापड यांना तो योग्य. एकुलत्या एक छायाचित्राला नाही. खळ पाण्याने सुटते, म्हणूनच जुन्या कागदांची दुरुस्ती करणारे गव्हाच्या सत्त्वाची शुद्ध खळ वापरतात. पण घरी ती आंबते आणि कसर तिच्यावर येते. साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा थर कालांतराने पिवळा होऊन कागदात मुरतो. छायाचित्रासाठी सर्वांत भरवशाची सोय जुन्या काळ्या पानांच्या अल्बमातलीच आहे : चार कोपऱ्यांना फोटोकॉर्नर आणि पानांमध्ये बटर पेपर. तो बटर पेपर मात्र आम्लरहित घ्यावा.

प्लास्टिकच्या पाकिटांत पीव्हीसी टाळावे, कारण त्यातून हळूहळू आम्लयुक्त वायू सुटतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर चालते. नोंदीसाठी रंगकणांच्या शाईचे पेन घ्यावे. साध्या स्केचपेनची शाई उजेडाने उडते आणि ओल लागली की पसरते.

आपल्या हवेचा विचार परदेशी मार्गदर्शकांत नसतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ८० च्याही वर राहते. छायाचित्रावरचा जिलेटिनचा थर दमटपणात मऊ होऊन समोरच्या प्लास्टिकला चिकटतो. म्हणून वह्या बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नयेत, घट्ट दाबून भरू नयेत, सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळा संपल्यावर सावलीत पान न् पान उलटून हवा द्यावी.

४. साहित्याचे तीन स्वभाव

पहिला वर्ग हत्यारांचा : कात्री, कटर, पोलादी पट्टी, कटिंग मॅट, पंच, घडी घालण्याची बोथट पट्टी. ही संपत नाहीत आणि प्रत्येक पानाला लागतात. दुसरा वर्ग खपणाऱ्या साहित्याचा : कागद, टेप, स्टिकर, लेस, डिंक, शाई. हे विकत मिळते, संपते, पुन्हा आणता येते. तिसरा वर्ग ऐवजाचा : छायाचित्र, तिकीट, पत्र, पत्रिका. हा एकदाच मिळतो आणि हरवला की भरून येत नाही.

आता तीन नियम.

हत्यारांना कार्यशाळेचा नियम लागतो : कामाच्या क्रमाने ठेवणे. मोजणे, कापणे, घडी, चिकटवणे, लिहिणे या क्रमाने ती उजव्या हाताशी लागली पाहिजेत, डावखुऱ्यांना डाव्या. जपानी कारखान्यांतून आलेली ‘फाइव्ह एस’ पद्धत चाकण-भोसरीच्या कामगारांना पाठ असते. नको ते काढणे आणि उरलेल्याला ठरलेली जागा देणे, या तिच्या पहिल्या दोन पायऱ्या इथे पुरेशा आहेत. प्रत्येक हत्यार एकच ठेवावे. तीन कात्र्या असल्या की एकही जागेवर सापडत नाही. अपवाद एवढाच की कागदाची आणि रिबिनीची कात्री वेगळी असावी, कारण कागद कापून कात्रीची धार जाते आणि मग तिने रिबीन सुबक कापली जात नाही.

खपणाऱ्या साहित्याला ग्रंथालयाचा नियम लागतो : शोधणाऱ्याच्या सोयीने वर्गीकरण. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांत ग्रंथ वापरासाठी असतात, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, ही तीन सूत्रे आहेत. ग्रंथाच्या जागी कार्डशीट ठेवली तरी ती खरी ठरतात. १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात त्यांनी आणखी खोल गोष्ट दाखवली. एकाच विषयाला अनेक पैलू असतात आणि कोणता पैलू आधी घ्यायचा हे ठरवावे लागते. सोनेरी नक्षीचा लाल वेष्टणकागद रंगाने लाल, प्रकाराने वेष्टणाचा, प्रसंगाने लग्नाचा. पण कपाटात त्याला एकच जागा. मग ती कोणती? शोधताना मनात पहिल्यांदा जे येते, ती. कागद आपण रंगाने शोधतो, तर कागद रंगाने लावावेत. स्टिकर आणि शिक्के विषयाने शोधतो : प्रवास, सण, बाळ. लेस, दोरे, मणी प्रकाराने. कापून उरलेले तुकडे वेगळ्या डब्यात टाकले की विसरले जातात. ते त्याच रंगाच्या अखंड कागदांपुढे पाकिटात ठेवावेत आणि आधी तुकडा बघून मगच नवा कागद कापावा.

दिसते ते वापरले जाते, झाकलेले पडून राहते. म्हणून डबे पारदर्शक असावेत, पण ते बंद कपाटात असावेत, नाहीतर उन्हाने रंग उतरतात. बारा इंची मोठे कागद उथळ ट्रेमध्ये आडवे ठेवावेत. दमट हवेत उभे कागद पोटाशी वाकतात. दोन्हीकडे टोक असलेली पेने आडवी ठेवावीत. डिंकाच्या बाटलीवर खरेदीचा महिना लिहावा.

ऐवजाला दफ्तरखान्याचा नियम लागतो : उगमाप्रमाणे ठेवणे. फ्रान्सच्या शासनाने १८४१ मध्ये आदेश काढला की एका कार्यालयातून आलेले कागद एकत्रच ठेवावेत, ते विषयवार फोडू नयेत. अभिलेखशास्त्र आजही याच तत्त्वावर उभे आहे, कारण शेजारचा कागद हाच कागदाचा संदर्भ असतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. घरगुती ऐवजासाठी ही कल्पना जशीच्या तशी घ्यावी : एका प्रसंगाचा एक लिफाफा. त्यावर प्रसंग, ठिकाण, तारीख आणि माणसांची नावे पेन्सिलीने आधी लिहावीत आणि मगच वस्तू आत ठेवाव्यात. सगळी तिकिटे एका डब्यात आणि सगळ्या पत्रिका दुसऱ्या डब्यात टाकल्या, तर डबा नीटनेटका दिसतो आणि आठवण मात्र मोडते.

सर्वाधिक नुकसान इथेच होते. ऐवज साहित्याच्या नियमाने लावला जातो आणि साहित्य ऐवजासारखे जपले जाते. तिकीट पंचांच्या डब्यात चुरगळते आणि सुंदर कागद “चांगल्या पानासाठी” म्हणून वर्षानुवर्षे कोरा राहतो.

५. एका पानाचे परीक्षण

गणपतीत गावी जाण्याचे पान घेऊ. लिफाफ्यात निघते ते असे : सहा छायाचित्रे, एसटीचे तिकीट, आजीच्या हातची सामानाची यादी, चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका, दूर्वांची जुडी.

यंत्रातून निघालेले तिकीट उष्णतेने उमटणाऱ्या कागदावरचे आहे. त्यावरची अक्षरे काही वर्षांत फिकट होऊन पुसतील. म्हणून आधी त्याची छायाप्रत काढून ती लावायची आणि मूळ तिकीट मागे पाकिटात ठेवायचे. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू आहे. ते समोरच्या छायाचित्राला डाग देईल, म्हणून मधे कागद हवा. शिवाय ही पत्रिका दुसऱ्या प्रसंगाची आहे. ती वाटायला आणली होती, एवढाच तिचा इथे संबंध. तिचा लिफाफा वेगळा. दूर्वा पूर्ण वाळल्या तरी कागदाला डाग देतात. त्या पॉलिस्टरच्या पाकिटात.

उरली सहा छायाचित्रे. पाच आरतीची, जवळजवळ सारखीच. सहावे थोडे हललेले आहे : माजघरात चार जणी मोदक वळताहेत, मागे आजी यादीवर बोट ठेवून काही सांगते आहे. पानाचा केंद्रबिंदू हे सहावे, कारण शेजारी लावायची यादी याच छायाचित्रात तिच्या हातात आहे. आरतीचे एकच पुरे. “तांदूळ पिठी ३ किलो, गूळ, ना. १५” हे तिचे अक्षर हीच पानाची सजावट, त्यावर फुलाचे स्टिकर लावायची गरज नाही. नोंदीत दिसते ते लिहू नये. मोदक आहेत हे दिसतेच. न दिसणारे लिहावे : यादी कुणी वाचून दाखवली, पंधरा नारळ कुठून आले, त्या वर्षी घरात कोण नव्हते.

६. आनंदाचे स्वरूप

या परीक्षणात हात चालला तो थोडाच, बहुतेक काम निवडीचे होते. पाचपैकी चार छायाचित्रे बाजूला ठेवताना मनात ठरते की त्या दिवसात आपल्याला महत्त्वाचे काय वाटले. फोनमध्ये हजारो छायाचित्रे साठतात तेव्हा हा निर्णय आपण घेतच नाही. चिकटवही तो घ्यायला लावते. पानाला कडा आहेत, म्हणून निवड करावी लागते, आणि निवडलेले हाताने लावावे लागते, म्हणून त्याच्याकडे पुरेसा वेळ पाहिले जाते. या छंदाचा गाभा हा आहे.

साहित्याची मांडणी या आनंदाच्या आड येते किंवा त्याला वाट करून देते. हत्यार शोधण्यात, कागद उपसण्यात मन थकले की निवडीसाठी ते उरत नाही. मग माणूस हाताला लागेल ते चिकटवतो, किंवा नवे साहित्य आणून उत्साह मिळवू पाहतो. खरेदीचा उत्साह खरा असतो, पण तो निवडीच्या आनंदाची जागा भरत नाही.

७. निष्कर्ष

हत्यारे कामाच्या क्रमाने, साहित्य शोधण्याच्या पैलूने, ऐवज प्रसंगाने. कपाट लावायला घ्याल तेव्हा सुरुवात तिसऱ्यापासून करा. रंगीत कागद कधीही मिळतील; लिफाफ्यावर लिहायची नावे सांगणारी माणसे कायम मिळतील असे नाही. ऐवजाचे लिफाफे झाले की पुढची पाने किती आणि कोणती हे कळते, त्यावरून साहित्य किती लागेल हे ठरते, आणि उरलेले एखाद्या शाळेला किंवा बालवाडीला आनंदाने देता येते. पाने ठरल्यावर खरेदी करावी, खरेदीसाठी पाने शोधू नयेत. एवढी शिस्त पाळली तर हा छंद एका खणात मावतो आणि एका घराचा इतिहास सांभाळतो.