किरणोत्सारी स्रोतांची दप्तरी नोंद आणि त्यांचे हरवणे

‘टीएयू-1’ या उडदाच्या वाणाच्या नावातील मधले अक्षर अकोल्याचे आहे. पहिले तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्बेचे. तुरीच्या ‘टीएटी-10’ आणि भुईमुगाच्या ‘टीएजी-24’ या वाणांची नावेही अशीच बनली. किरणोत्साराने घडविलेल्या उत्परिवर्तकांच्या पैदाशीतून ही बियाणे निघाली व वऱ्हाडच्या शेतांत रुजली. त्या बियाण्यात किरणोत्साराचा अंश उरत नाही. ज्या पदार्थापासून किरण निघतात तो मात्र कोठल्यातरी शिशाच्या जाड पेटीत मागे राहतो, आणि त्या पेटीचा हिशेब कोणी कसा ठेवला, हा स्वतंत्र इतिहासाचा विषय आहे.

आपल्याकडील शासकीय व शैक्षणिक कार्यालयांत टिकाऊ सामग्री ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’त लिहिण्याची पद्धत आहे. या नावातच एक गृहीत दडले आहे. खुर्ची, कपाट, तराजू या वस्तू ठेवल्या जागी जशाच्या तशा राहतात. मोडल्या तर निर्लेखित होतात आणि लिलावात मोडीत जातात. कोबाल्ट-60 या अर्थाने जड नव्हे. दर 5.27 वर्षांनी त्याची क्रियाशीलता निम्मी होते. तेव्हा नोंदवहीत आकडा एकच राहतो आणि पेटीतील वस्तू बदलत जाते. उलट, लेखापालाच्या दृष्टीने वस्तू जुनी व निरुपयोगी होते, त्या वेळीही ती माणूस मारण्याइतकी सामर्थ्यवान असू शकते. हरवण्याची सुरुवात येथे होते. चोरी किंवा निष्काळजीपणा हे पुढचे टप्पे होत.

याचे सर्वांत बोलके भारतीय उदाहरण एका विद्यापीठातलेच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कॅनडानिर्मित गॅमा-किरणयंत्र 1985 पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले व मायापुरीच्या बाजारात पोचले. तेथे ते फोडण्यात आले. वापर थांबल्यापासूनच्या पंचवीस वर्षांत त्यातील कोबाल्ट सुमारे सत्ताविसाव्या हिश्शावर आला होता. तरीही कित्येक जण आजारी पडले आणि 26 एप्रिल रोजी एका कामगाराचा मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय श्रेणीत ही घटना चौथ्या पातळीची ठरली. विशेष असे की, नियामक मंडळास पहिली वार्ता मूळ मालकाकडून मिळाली नाही; ती 7 एप्रिल रोजी रुग्णालयाकडून मिळाली. स्रोत कोठून निघाला हे एप्रिलच्या अखेरीस निश्चित झाले. म्हणजे वस्तू सापडली तेव्हा ती हरवल्याचे कळले.

अशा स्रोतांना ‘बेवारस’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द सोयीचा असला तरी मायापुरीच्या बाबतीत तो फसवा आहे. वारस होता, पत्ता होता, विभागप्रमुखाची खुर्चीही होती. नव्हते ते स्मरण. ब्राझीलमधील गोयानिया येथे 1987 साली सोडून दिलेल्या दवाखान्यातून सीझियम-137 बाहेर पडले, चार माणसे दगावली आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. ‘बेवारस’ हा शब्द तेथे काहीसा शोभतो, पण तेथेही मालकांचा वाद चालूच होता.

नंदादेवीची कथा वेगळ्या जातीची आहे. 1965 मध्ये शिखराखाली ठेवलेले प्लुटोनियम-238 चे ऊर्जायंत्र पुढील वर्षी जागेवर नव्हते. तेथे हरवल्याचे संबंधितांस लगेच कळले होते, परंतु लोकांस ते एप्रिल 1978 मध्ये कळले, आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत निवेदन केले. दिल्लीत नोंद विसरली गेली. हिमालयात ती दडविली गेली. नियमांनी या दोहोंपैकी पहिल्या दोषावरच अधिक भर दिला आहे.

अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना 15 नोव्हेंबर 1983 रोजी झाली. अमरावतीचे विद्यापीठ त्याच वर्षी 1 मे रोजी नागपूरपासून वेगळे झाले. या योगायोगास फार अर्थ देण्याचे कारण नाही. तथापि वऱ्हाडातील जुन्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा मंडळापेक्षा वयाने वडील आहेत, ही गोष्ट त्यांच्या नोंदवह्या वाचताना विसरून चालत नाही. 2004 च्या किरणोत्सार संरक्षण नियमांनी स्रोत हरवल्यास सक्षम प्राधिकाऱ्यास कळविण्याची जबाबदारी नियोक्त्यावर टाकली. नोंद निर्लेखित झाली म्हणून ही जबाबदारी मिटत नाही. नियमाची अडचण एवढीच की, जे हरवले आहे हे ठाऊक नाही ते कळवावयाचे कसे? त्यासाठी ठराविक काळाने पेटी प्रत्यक्ष पाहणे, मापकाने तपासणे आणि निवृत्त होणाऱ्या अध्यापकाने आपल्या हाताखालील स्रोत दुसऱ्याच्या सहीने स्वाधीन करणे, एवढीच साधी वाट आहे. नोंदवही एकाकडून दुसऱ्याकडे जाते. बहुधा किल्लीही जाते. ‘त्या कोपऱ्यातल्या पेटीला हात लावू नका’ हे तोंडी वाक्य मात्र जात नाही.

भंगारवाल्यापर्यंत कोणतीही नोंदवही पोचत नाही. तो शिसे वजनावर घेतो, आणि तीन पात्यांचे जुने चिन्ह त्यास पंख्यासारखे दिसणे स्वाभाविक आहे. म्हणून 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नवे चिन्ह पुढे आणले: किरण, कवटी आणि पळणारा माणूस. भारतासह अकरा देशांतील लोकांना दाखवून ते पारखण्यात आले. त्याची जागा पेटीच्या बाहेर नाही. झाकणाच्या आत, फोडणाऱ्याच्या दृष्टीस पडेल अशी आहे.