फोडणी

फोडणी : तापलेल्या तेलात किंवा तुपात ठरलेल्या क्रमाने मसाले टाकून त्यांचा स्वाद व रंग त्यात उतरवण्याची क्रिया, तसेच असे तयार झालेले तेल वा तूप. हिंदी भाषक भागात हिला तडका, छौंक किंवा बघार म्हणतात. महाराष्ट्रातील घरगुती स्वयंपाकात मसाल्याचा पहिला थर फोडणीचा असतो. दुसरा थर पदार्थ शिजताना पडतो आणि तिसरा तो उतरवताना. नव्याने शिकणारे बहुधा प्रमाणातच अडकतात. प्रमाण कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’सारख्या (1970) पुस्तकात मिळते, चव मात्र बहुतेकदा क्रम आणि वेळ चुकल्याने बिघडते.

रोजच्या फोडणीचे साहित्य मिसळणाच्या डब्यात हाताशी असते. सुरुवात मोहरीने होते. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, तेच तडतडणे. कच्ची मोहरी पाणी घालून फेसली की नाकात जाते, कारण दाण्यातले विकर ओलाव्यात काम करू लागते आणि उग्र तेल तयार होते. लोणच्यात हाच गुण हवा असतो. तापलेल्या तेलात ते विकर निकामी होते, म्हणून फोडणीतली मोहरी झणझणीत न लागता खमंग लागते. तेल पुरेसे तापले नसेल तर मोहरी तडतडत नाही आणि पदार्थात कडवट दाणे राहतात. आधी दोन-चार दाणे टाकून पाहण्याची घरोघरची सवय याचसाठी आहे.

मोहरी शांत होऊ लागली की जिरे, मग कढीपत्ता, हिंग आणि हळद. जिरे काही क्षणांत लाल होते. मोहरीबरोबरच टाकले तर ती फुटेपर्यंत जळते. मेथीदाणे चार-पाचच घालावेत, आणि ते गडद तांबडे होण्याआधी पुढचा जिन्नस पडावा. हिंगाचा कच्चा दर्प गरम तेलात कांदा-लसणाच्या जवळ जाणाऱ्या वासात बदलतो. बाजारातला हिंग निव्वळ राळ नसून त्यात डिंक व पीठ मिसळलेले असते, त्यामुळे चिमटीचा अंदाज डब्यागणिक बदलतो. हळदीतले पिवळे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. तिखट सर्वांत शेवटी, तेही आच बंद करून, आणि लागलीच वर डाळ किंवा पाणी. रश्श्यावर लाल तवंग येतो तो अशा न जळलेल्या तिखटाचा.

उपवासाच्या पदार्थांत मोहरी, हिंग व हळद सहसा चालत नाहीत. तेथे तूप-जिऱ्याची फोडणी असते.

दुसऱ्या थरात गोडा मसाला येतो. धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग हे सारे वेगवेगळे भाजून मग कुटतात, कारण प्रत्येकाची भाजण्याची वेळ निराळी; तीळ आणि खोबरे धन्यांबरोबर एकाच कढईत टाकणे ही मोठी चूक होय. हा मसाला आधीच भाजलेला असल्याने फोडणीत पुन्हा तळला की कडू होतो. तो उकळत्या आमटीत घालावा. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचे उलट: ते तेल सुटेपर्यंत परतावे लागते. पाणी उडून गेल्याशिवाय वाटण तळलेच जात नाही, आणि घाई केली तर रस्सा कच्चट राहतो. कोकणात माशाच्या आमटीत तिरफळे पडतात. बी काढून टाकलेली टरफले जराशी ठेचून घालतात. जिभेला किंचित बधिरता आणणारा त्यांचा वास दुसऱ्या कशानेही साधत नाही.

तिसरा थर कोथिंबिरीचा, ओल्या खोबऱ्याचा. कोथिंबिरीचा वास उकळीत उडतो, म्हणून ती शेवटी. कोशिंबिरीला फोडणीच वरून देतात.

हे सारे शिकायला चिंच-गुळाच्या आमटीइतका चांगला पदार्थ नाही, कारण तिच्यात तिखट, आंबट, गोड आणि खारट एकत्र येतात आणि एक चुकले की लगेच कळते. वाटीभर तूरडाळीला अर्धा चमचा मोहरी, तितकेच जिरे, पाव चमचा हळद, चमचाभर तिखट, दीड चमचा गोडा मसाला, सुपारीएवढी चिंच आणि त्याहून थोडा जास्त गूळ घ्यावा. सलग काही दिवस हीच आमटी करावी आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी: आज मसाला उकळताना, उद्या फोडणीत. फरक जिभेला आपोआप ओळखता येतो.

तिखट जास्त झाले तर पाणी वाढवून फारसे भागत नाही, कारण मिरचीचा जहालपणा पाण्यात विरघळत नाही. नारळाचे दूध किंवा तूप उपयोगी पडते. आंबटाला गूळ आहे. हळद जास्त झाली तर डाळ वाढवावी. करपलेल्या फोडणीला मात्र उपाय नाही: ती टाकून द्यावी, कढई पुसून घ्यावी आणि नवे तेल तापत ठेवावे.