शत्रूची ओळख आणि सैनिकाचें बळ

इसवी सन १८९१ च्या जानेवारींत बेसी डॅशिएल ही मुलगी ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर हाडाच्या कर्करोगानें निवर्तली. तिचा हात कापूनही रोग थांबला नव्हता. तिच्यावर न्यूयॉर्क शहरीं शस्त्रक्रिया करणारे तरुण डॉक्टर विल्यम कोली यांच्या जिव्हारीं हें अपयश लागलें. रुग्णालयाचीं जुनीं दप्तरें चाळतां चाळतां त्यांना एका रोग्याची विलक्षण हकीगत आढळली. त्याच्या मानेवरील कर्कगांठ, धांवरें हा जंतुजन्य त्वचारोग होऊन गेल्यावर, नाहींशी झाली होती. कोलींनीं त्या माणसास गरीब वस्तींतून शोधून काढलें. सात वर्षांनंतरही तो धडधाकट होता.

त्याच वर्षीं कोलींनीं कर्करोग्यांना धांवऱ्याचे जंतु टोंचण्यास आरंभ केला. पुढें मृत जंतूंचें मिश्रण वापरलें. कांहीं रोगी बरे झाले, परंतु परिणामाचा भरंवसा देतां येईना. किरणोपचार पुढें आल्यावर ही वाट ओस पडली. १९३६ सालीं कोली वारले, तेव्हां शरीराची सेना कर्करोगाशीं लढते तरी कशी, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

उत्तराचा एक महत्त्वाचा धागा त्याच शहरांत सांपडला. १९७३ सालीं रॉकफेलर विद्यापीठांतील राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांनीं झाडाप्रमाणें फांद्या पसरणाऱ्या एका पेशीचें वर्णन प्रसिद्ध केलें. ही डेंड्रिटिक पेशी म्हणजे शरीराचा हेर होय. शत्रूचा अंश उचलून ती लसीकाग्रंथींत जाते आणि तेथील टी पेशींना, म्हणजे सैनिकांना, तो दाखविते. कर्करोगावरील अनेक लसी याच हेरावर भिस्त ठेवितात. २००७ सालीं खुद्द स्टाइनमन यांस स्वादुपिंडाचा कर्करोग जडला. इतर उपचारांबरोबर त्यांनीं स्वतःच्याच पेशींपासून सिद्ध केलेली लसही टोंचून घेतली. ३० सप्टेंबर २०११ रोजीं ते वारले. तीन दिवसांनीं त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालें.

शत्रूची ओळख पटवूनही लस दुबळी कां पडते? या प्रश्नाचा शोध घेतां घेतां संशोधक कोलेस्टेरॉलपाशीं आले. २०१० सालीं मिलान येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, कर्कगांठ कोलेस्टेरॉलपासून झालेलीं द्रव्यें सोडते. त्यांच्या प्रभावानें हेराची वाट चुकते व तो लसीकाग्रंथीपर्यंत पोंचत नाहीं. २०१६ सालीं शांघायच्या संशोधकांनीं सैनिकाकडे लक्ष वळविलें. टी पेशी आपल्याजवळील कोलेस्टेरॉलचा कांहीं भाग कोठारांत टाकते. तें काम करणारें एकॅट-१ हें एन्झाइम रोखल्यास कोलेस्टेरॉल पेशीच्या आवरणांत वाढतें. मग शत्रु ओळखणारे रेणू तेथें एकवटतात आणि मारा तीव्र होतो. यासाठीं वापरलेलें अव्हासिमाइब हें औषध मुळांत रक्तवाहिन्यांच्या विकारासाठीं निघालें होतें. २०१९ सालीं फुप्फुसाच्या कर्करोगावरील एका लसीस त्याची जोड दिल्यावर उंदरांत ती अधिक गुणकारी ठरली.

मात्र त्याच वर्षीं असेंही दिसून आलें कीं, गांठीच्या परिसरांतील अति कोलेस्टेरॉलानें टी पेशी थकून जातात. तेव्हां प्रश्न केवळ प्रमाणाचा नव्हे, स्थानाचाही आहे. हे प्रयोग उंदरांवरील. रोग्याच्या खाटेपर्यंतचा पल्ला मोठा. पण शरीर स्वतः लढूं शकतें ही गोष्ट कोलींनीं त्या जुन्या दप्तरांत वाचली होती. त्यांच्या पश्चात् आलेल्यांनीं एवढें शिकविलें कीं, सैनिकास शत्रु दाखविणें पुरेसें नाहीं. त्याच्या अंगांत लढण्याचें बळही राहिलें पाहिजे.